अर्थिंगच्या खड्ड्यावरचं अळू

थळच्या बौद्धवाडीत कुणाचा मिक्सर जळाला, कुणाचा पंखा फिरेनासा झाला, कुणाच्या हळदीत ऐन नाचाच्या वेळी स्पीकरने मान टाकली, की लोक एकच नाव घेतात. रत्नपाल येतो, चष्मा कपाळावर चढवतो, आधी घरच्या माणसाला चार शब्द सुनावतो आणि मग कामाला लागतो. दुरुस्ती एखाद्या वेळी उद्यावर जाईल, सुनावणं जात नाही. "पिन सैल हाय हे दिसत न्हाय व्हय? डोळे काय फक्त मोबाइल बघायला दिलेत?" असं काहीबाही. लोक ऐकून घेतात, कारण माणूस हाताचा खरा आहे. बत्तीस वर्षं त्याने गावाशेजारच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली आणि निवृत्त होताना साहेबाने भाषणात सांगितलं की रत्नपालने लावलेल्या तारेत कधी खोट निघाली नाही.

तर अशा या माणसाच्या स्वतःच्या घरातला स्पीकर सव्वा वर्ष किरकिरत होता, आणि त्याला कारण सापडत नव्हतं.

वाडीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो कुणाला सांगणार होता? आणि स्पीकर काही साधे नव्हते. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा सागवानाच्या फळ्या आणून त्याने स्वतः खोकी बनवली होती. अॅम्प्लिफायरही हातचा, पत्र्याच्या डब्यातला. तेव्हा त्याला कॅसेट जोडलेली असे, मग सीडी आली, आणि आता दीक्षाचा जुना लॅपटॉप. लॅपटॉपमधून एक वायर डॅक नावाच्या छोट्या डबीत जाते, डबी आतल्या आकड्यांचा आवाज करते आणि तो आवाज अॅम्प्लिफायरला देते. दीक्षा म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पनवेलला गेलेली.

या सगळ्या सरंजामातून त्याला एकच गोष्ट ऐकायची होती. क्रांतीचा पाळणा.

क्रांती त्याची बायको. ती गेली त्याला आता अडीच वर्षं होत आली. वाडीत मूल झालं की नामकरणाला पाळणा म्हणायची ती क्रांतीच. वंदना व्हायची, पंचशील व्हायचं, मग बाया पाळण्याभोवती बसायच्या आणि क्रांती आवाज लावायची. पाळणा तिने स्वतः रचलेला, दीक्षाच्या नामकरणाला. चार कडवी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाळाचं नाव. पुढे तेच गाणं वाडीतल्या सगळ्या पोरांना पुरलं, फक्त नाव बदलायचं. क्रांतीने गाण्यात नाव घेतल्याशिवाय पोराचं नाव पक्कं होत नाही, असं बाया चक्क मानायच्या. रत्नपाल गावोगावच्या गायन पार्ट्या रेकॉर्ड करत हिंडला, पण बायकोचा आवाज त्याने कधी रेकॉर्ड केला नाही. ती काय, घरातच होती.

मग तिचं आजारपण आलं. दिवाळी झाली आणि ती अंथरुणाला खिळली. दीक्षाचं नुकतंच लग्न झालेलं. एके दिवशी सकाळी क्रांती म्हणाली, "अहो, तो तुमचा रेकॉर्डर आणा. दीक्षाच्या बाळाला पाळणा म्हणून ठेवते."

"अगं, कसलं बाळ? अजून लग्नाची मेंदी उतरली न्हाय तिची."

"मला तोवर वेळ हाय का?" ती अगदी सहज म्हणाली.

त्याने रेकॉर्डर आणला, उशीशी उभा केला, बटण दाबलं. क्रांतीने त्याला हाताने बाहेर जायची खूण केली. "तुम्ही समोर बसलात की मला गाता येत न्हाय. आणि नाव तर मला ठाऊक न्हाय. कडवं संपलं की दोन अक्षरांपुरती मी गप राहीन. तिथं तुम्ही सगळ्यांनी मिळून नाव घ्यायचं. दोनच अक्षरी ठेवा म्हणावं. आणि दीक्षाला आधी ऐकवायचं न्हाय. एकदम बाळाच्या पाळण्यालाच."

तो बाहेर ओट्यावर बसला. समोरच्या वडाच्या पारावर कुणी गप्पा मारत होतं, तेच ऐकत राहिला. दाराआडून काही सूर आले, काही आले नाहीत. बराच वेळ आतून काही ऐकू येईना, तेव्हा तो आत गेला, तिच्याशी काहीतरी बोलला आणि रेकॉर्डर बंद केला. काय बोलला, ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. दोन महिन्यांनी, जानेवारीत, क्रांती गेली.

पहिलं वर्ष त्याने ते रेकॉर्डिंग लावलं नाही. हिंमतच नव्हती. वर्षाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दार लावून घेतलं आणि ते ऐकायला बसला. क्रांतीचा आवाज आला, थकलेला, पण सुरात पक्का. पहिलं कडवं संपलं, ती गप झाली, आणि तिने नावासाठी मोकळी सोडलेली जागा स्पीकरमधल्या किरकिरीने भरून गेली.

चुलीवरच्या ओल्या लाकडासारखी बारीक किरकिर. गाणं चालू असताना ती आवाजाखाली दबायची, आणि क्रांती थांबली की वर यायची. नेमकी त्या दोन अक्षरांपुरती. शिवाय स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला की स्पीकरमध्ये 'टक्' व्हायचं आणि अर्धा शब्द गायब. चौथं कडवं संपलं की रत्नपाल लगेच बंद करायचा, कारण पुढे तर ती किरकिरच उरायची, आणि ती त्याला सहन होत नसे.

आधी त्याला वाटलं, रेकॉर्डिंगमध्येच आहे. पण फाइल मोबाइलवर घेऊन अंगणात एका कडव्यापुरती लावली तर किरकिर नाही. म्हणजे रेकॉर्डिंग निर्मळ आहे, दोष घरात आहे. मोबाइलवरच ऐकायचं म्हटलं तर त्या चिमुकल्या स्पीकरातून क्रांती कुठल्या कुठे, टेलिफोनवरून बोलल्यासारखी यायची, बारीकसारीक सूर तर त्यात हरवूनच जायचे. हेडफोन त्याला कधीच मानवला नाही. कान झाकले की त्याला कारखान्यातला कॉम्प्रेसर आठवायचा. तिचा आवाज खोलीत यायला हवा होता, जिथं ती वावरायची तिथं. एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते तो कुणापाशी मागू शकत नव्हता.

मग सुरू झाला त्याचा उद्योग. सव्वा वर्षात त्याने वायर चार वेळा बदलली. एलईडीचे सगळे दिवे काढून पाहिले. लॅपटॉपचा माउस हलवला की किरकिरीचा सूर बदलतो, हे त्याने हेरलं. म्हणजे कचरा लॅपटॉपकडून येतोय, एवढं कळलं. जुलैमध्ये त्याने जाड जाळीची वायर आणली आणि किरकिर खरंच कमी झाली. स्वारी खूश. दिवाळीनंतर ती हळूहळू परत आली, तेव्हा वायर खराब निघाली म्हणून दुकानदाराच्या नावाने शिव्या घातल्या. शेवटी मुंबईहून एक फिल्टर मागवला, विजेतली घाण गाळणारा, आणि तो लावल्यावर किरकिर चक्क वाढली. हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला की बोटांना बारीक मुंग्या यायच्या, पण डॉक्टर म्हणालाच होता की साखर वाढली की मुंग्या येतात. रत्नपालने चहातली साखर सोडली.

अशात मार्चमध्ये दीक्षाला मुलगी झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी करणार कोण? बाळंतपण पनवेलला सासरीच झालं. रत्नपाल दवाखान्यात जाऊन नातीला बघून आला, आणि परतताना एसटीत सारखा खिडकीकडे तोंड करून बसला. दीक्षाने मात्र एक हट्ट धरला. नामकरण थळलाच होणार. आईचा पाळणा आहे, तो आईच्या घरातच लागणार. मेमधला एक रविवार ठरला.

पंधरा दिवस आधी जावई निकेत तयारी बघायला आला. ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. पोरगा गुणी, फक्त आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटतं, आणि सासऱ्यालाही स्वतःबद्दल तेच वाटतं, त्यामुळे दोघांचं छान जमतं. रत्नपालने नाइलाजाने त्याला किरकिरीचं सांगितलं. पाळणा मात्र लावला नाही, दुसरीच एक बासरी ऐकवली. बासरी थांबली तशी किरकिर वर आली.

"बाबा, पण हे डिजिटल आहे ना?" निकेत म्हणाला. "डिजिटलमध्ये नॉइज कसा येईल? झिरो नाहीतर वन. मध्ये काही नसतंच."

"झिरो म्हंजे किती व्होल्ट?"

"झिरो."

"कुठून मोजून?"

निकेत डबी उलटसुलट करून बघू लागला. रत्नपालला अशा वेळी फार बरं वाटतं. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"तुझे शून्य-एक तारेतून जात न्हाईत बाबा. तारेतून वीज जाते. इकडचा डबा ती वर उचलतो, खाली टाकतो. पलीकडचा डबा बघतो वर हाय की खाली, आणि ठरवतो एक की शून्य. थोडीफार घाण आली तरी त्याचं बरोबर ठरतं, म्हणून तर डिजिटल बरं. पण फ्रिजचा दणका आला की त्याला वर-खाली कळत न्हाय. तो चुकतो, थांबतो, पुन्हा ताल धरतो. तेवढ्यात अर्धा शब्द गेला."

"आणि ही किरकिर?"

"ती आकड्यांत न्हाय. आकडे नीट पोचतायत. पण त्याच तारेवरून लॅपटॉपची घाणही येते, आणि ही डबी आकड्यांचा आवाज करते तेव्हा ती आवाजात मिसळते. आकडे कितीही शुद्ध असू देत, ते ज्या जमिनीवरून मोजायचे ती जमीन शांत लागते."

हे वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, आणि तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडणार कसा? घराचं अर्थिंग त्याच्या हातचं होतं. घर बांधलं तेव्हा सहा फूट खड्डा खणून, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, सगळं शास्त्रोक्त भरलेलं. त्यावर शंका म्हणजे स्वतःवरच शंका.

निकेतने बॅगेतून एक गोल स्पीकर काढला. "हा घ्या, ब्लूटूथ. बॅटरीवर चालतो. वायर नाही, फ्रिज नाही, कटकट नाही. कार्यक्रमाला हाच लावू."

रत्नपालने तो हातात घेऊन पाहिला. पेढ्याच्या डब्याएवढा. आवाज वाईट नव्हता, हे त्याला मान्य करावं लागलं, म्हणूनच राग आला. पंचवीस-तीस वर्षं क्रांतीने ज्या स्पीकरवरची धूळ पुसली, ज्यावर तिने क्रोशाचे रुमाल टाकले, ते बाजूला सारून तिने या डब्यातून नातीला गाणं म्हणायचं?

"शनिवारपर्यंत बघतो," तो म्हणाला. "न्हाय जमलं तर लाव तुझा डबा."

शुक्रवार उजाडला तरी जमलं नव्हतं. दीक्षा बाळाला घेऊन आली होती, आतल्या खोलीत त्या दोघी झोपल्या होत्या. रत्नपाल मागच्या दारी फिल्टर उघडून बसला होता, घामाघूम. मे महिन्याचं ऊन, पायाखालचे ब्लॉक तापलेले. इतक्यात गोदूबाई आली. कोळीवाड्यातली म्हातारी, सत्तरी कधीच ओलांडलेली, पण रोज डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वाडीत फेरी असते. क्रांतीची मैत्रीण. रत्नपालला त्याच्या आईनंतर दरडावणारी ही एकटीच उरली आहे.

"रत्ना, परवा जेवणाला माणसं किती हायत?"

"असतील साठ-सत्तर. का गं मावशी?"

"मंग फतफतं तरी कर की अळूचं. क्रांतीच्या हातचं खाल्ल्यापासून जिभेला चव न्हाय. मी घोटून देतंय. अळू कुटं हाय तुजं?"

"अळू गेलं मावशी. वर्षाच्या कार्यक्रमाला ब्लॉक घातले न्हाय का? खुर्च्या मांडायला."

गोदूबाईने पाटी खाली ठेवली. मोरीच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथं आता लाल-करड्या ब्लॉकची सपाट फरशी होती, आणि भिंतीतून येऊन तिच्यात शिरलेली एक जाड पट्टी.

"काढून टाकलंस?"

"गवंडी म्हणाला काढू का, मी म्हटलं काढ."

"अरे देवा. रोज सांजचं हंडा भरून वतायची रे ती हितं. भर उन्हाल्यात विहिरीला पानी नसायचं, लोकं प्यायला रडायची, आनि ही हितं वतायची. मी इचारलं, येडी झालीस काय? तर मना म्हनते, मावशी, ह्यांनी सांगितलंय, हा खड्डा सुकला तर घराला धोका हाय."

रत्नपालच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

घर बांधलं तेव्हाची गोष्ट. खड्डा भरून झाल्यावर तो क्रांतीला थाटात सांगत होता. विजेची सगळी घाण इथून जमिनीत जाते, पण जमीन ओली हवी. रोज पाणी लागतं, सुकली की घाण घरातच फिरत राहते. नवी नवरी ती, तिने ते मनावर घेतलं. पाणी फुकट जायला नको म्हणून वर अळू लावलं. पुढे तो चिडवायचा, "पाणी झाडाला घालतेस की वायरला?" ती म्हणायची, "दोघांना." पंचवीस-तीस वर्षं त्याने कारखान्यातल्या खड्ड्यांना ड्यूटी म्हणून पाणी घातलं, दर उन्हाळ्यात मीटर लावून तपासलं, वहीत सही केली. घरच्या खड्ड्याकडे त्याला कधी बघावं लागलं नाही. आणि ती अंथरुणावर होती तेव्हा रोज संध्याकाळी विचारायची, "खड्ड्याला पाणी घातलं का?" तो म्हणायचा, "घातलं." एकदाही घातलं नव्हतं. औषधं, दवाखाना, स्वयंपाक, त्यात खड्डा कोण बघतो? तिला बरं वाटावं म्हणून म्हणायचा.

"काय झालं रं?" गोदूबाई म्हणाली.

"मावशी, बाजूला सर." तो उठला आणि पहार घेऊन आला.

स्वतःच्या पैशाने घातलेले ब्लॉक त्याने एकेक उचकटले. खालचा सिमेंटचा थर फोडला. आतली माती हातात घेतली तर पिठासारखी भुरभुरली. पट्टीच्या जोडावर हिरवा गंज चढून बोल्ट अर्धा खाल्ला गेला होता. त्याने जुन्या पद्धतीने बल्ब लावून पाहिला, एक तार विजेला, एक अर्थिंगला. बल्ब नुसता लालसर होऊन राहिला, विझत चाललेल्या निखाऱ्याइतका. खालची जमीन वीज घेतच नव्हती.

आता सगळं त्याच्यासमोर उलगडलं. फिल्टर घाण गाळून अर्थिंगमध्ये सोडतो. अर्थिंग मेलेलं, तर ती घाण जाणार कुठे? डब्याच्या पत्र्यात, तिथून वायरीच्या जाळीत, तिथून डॅकमध्ये. म्हणून फिल्टर लावला आणि किरकिर वाढली. म्हणून पावसाळ्यात कमी झाली. म्हणून बोटांना मुंग्या. बिचारी साखर उगाच बदनाम झाली होती. बायकोच्या आठवणीच्या कार्यक्रमासाठी त्याने अंगण साजरं केलं, आणि तेवढ्यासाठी तिने ओली ठेवलेली जागा स्वतःच्या हाताने बुजवली. त्याला स्वतःची इतकी चीड आली की पहार भिंतीवर आपटली. आत बाळ दचकून रडायला लागलं.

दीक्षा धावत बाहेर आली. "पप्पा, काय करताय हे? परवा कार्यक्रम आहे आणि अंगण खणताय?"

"तुझ्या आईचं काम राहिलं होतं," तो म्हणाला, आणि ब्लॉकवर बसून रडला. क्रांती गेली तेव्हा आल्यागेल्याचं बघण्यात त्याला रडायला झालं नव्हतं. गोदूबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दीक्षा रडणाऱ्या बाळाला घ्यायला आत गेली.

मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने खपून काम केलं. नवा बोल्ट, ताजा कोळसा, मिठागरातून आणलेलं खडेमीठ. संध्याकाळी दोन हंडे, पहाटे दोन हंडे. आधी माती पाणी गटागटा पीत होती, मग हळूहळू मुरायला लागलं. गोदूबाईने कुणाच्या तरी परसातून अळवाचे चार कंद आणून कडेला खोचले आणि फतफत्याचा विषय पुढच्या वर्षावर टाकला. शनिवारी दुपारी बल्ब लावला तर लख्ख पेटला. पत्र्याला हात लावला, मुंग्या नाहीत. त्याने बासरी लावली. ती थांबली तेव्हा खोलीत काहीच आवाज नव्हता. पंखा बंद करून, कान स्पीकरला लावून पाहिलं. काहीच नाही. सकाळीच येऊन पोचलेल्या निकेतने मुद्दाम फ्रिज बंद-चालू केला. बासरी तुटली नाही.

"मानलं बाबा," निकेत म्हणाला, आणि आपला गोल स्पीकर बॅगेत ठेवून दिला.

पाळणा मात्र रत्नपालने लावून बघितला नाही. बाळाच्या आधी तो आता ऐकणार नव्हता.

रविवारी सकाळी घर भरलं. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले, वंदना झाली, पंचशील झालं. पाळण्याला झेंडू-अबोली बांधली होती. दीक्षाने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि दोरी हातात घेतली. कडवं संपलं की कुणी काय म्हणायचं हे तिने सगळ्यांना समजावून ठेवलं होतं. नाव तिच्या मनात होतं, निकेतलाच काय ते माहीत. रत्नपालने बटण दाबलं.

क्रांती खोलीत आली. दुसरं काय म्हणणार? सागवानी खोक्यांतून तिचा आवाज निघाला आणि पाळण्याच्या वर, जिथं ती नेहमी बसायची त्या उंचीवर येऊन थांबला. दोन बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या. पहिलं कडवं संपलं. ती गप झाली.

दीक्षाने नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

त्या मोकळ्या जागेत काहीतरी होतं. श्वासाएवढं. इतके दिवस किरकिरीखाली दबलेलं. नावाची दोन अक्षरं सोडायची तर ताल चुकू नये म्हणून क्रांती ती जागा मनातल्या मनात भरत होती, नुसत्या ओठांनी. ज्या नावावर हा पाळणा रचला होता, त्याच नावाने.

"दीक्षा."

दुसरं कडवं सुरू झालं तरी कुणी हललं नाही. ते संपलं, आणि पुन्हा तेच, ओठांतल्या ओठांत. "दीक्षा." सगळ्यांनी ऐकलं. दीक्षाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात दोरी ओढत होता. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी आईने हाक मारली तशी ती म्हणाली, "ओ, आई."

चौथ्या कडव्याला तिने आवाज सावरला. जागा आली तेव्हा स्पष्ट, मोठ्याने म्हणाली, "साक्षी." मागोमाग साठ-सत्तर माणसांनी ते नाव घेतलं. दोन अक्षरांचं नाव त्या जागेत नेमकं बसलं.

टाळ्या वाजल्या, कुणी पेढे फिरवायला लागलं, गोदूबाई रडत रडत बाळाची दृष्ट काढायला पुढे झाली. रत्नपाल जागच्या जागी उभा होता. त्याला आनंद झाला होता, आणि त्याच्या आत कुठेतरी एक छोटं दुखणंही होतं, लेकीला तिचं नाव मिळालं, नातीला तिचं, आपल्याला काय, असं. असलं काही मनात आल्याची त्याला लाजही वाटली. या नादात रेकॉर्डिंग बंद करायचं तो पहिल्यांदाच विसरला.

स्पीकर चालूच होते. गाण्यानंतरची खोलीतली शांतता वाजत होती, क्रांतीचा दमलेला श्वास येत होता. मग दार करकरलं. पावलं आली. त्याचीच होती. आणि क्रांतीचा आवाज, अगदी क्षीण, गाण्याने थकलेला.

"अहो, खड्ड्याला पाणी घातलं का?"

"घातलं," स्पीकरमधला रत्नपाल म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि रेकॉर्डिंग संपलं.

पेढ्यांच्या गडबडीत ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. रत्नपाल गर्दीतून वाट काढत मागच्या दारी आला. मोरीजवळचा तांब्याचा हंडा भरून घेतला. सकाळीच दोन हंडे घातले होते, माती अजून ओली होती, अळवाच्या कंदांच्या कडेला पाणी साचलेलं दिसत होतं. तो खड्ड्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने हंडा हळूहळू, एक थेंब बाहेर न सांडता, त्यात ओतला.

"घातलं गं," तो म्हणाला. मग रिकामा हंडा पुन्हा भरून जागेवर ठेवला आणि पाहुण्यांना जेवायला वाढायला आत गेला.